नावातलं टिंब
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



आयोजकांनी मला ‘संगणक क्षेत्रातील संधी’ हा विषय दिला होता. त्यावर आपली मुलं मोबाईलवर रोज वाचतात. तेव्हा मी विषय बदलते. मराठीच्या तासाला आपण ज्यांचा सगळ्यात जास्त कंटाळा करायचो, त्या विरामचिन्हांवर बोलते, आणि आधार कार्डावर. दोन्हींचा संबंध आहे.

गावाच्या नावापासूनच बघा. वरकुटे बुद्रुक आणि वरकुटे खुर्द. फारसीतला बुजुर्ग म्हणजे मोठा, खुर्द म्हणजे लहान. जुन्या कागदांत हे ‘बु॥’ आणि ‘खु॥’ असं लिहायचे. ते दोन दंड म्हणजे शब्द तोडून लिहिल्याची खूण. लिहिणाऱ्याला सवय, वाचणाऱ्याला अर्थ ठाऊक. संगणक आला आणि कळफलकावर ती खूण सापडेना. मग कुणी टिंब दिलं, कुणी दोन उभ्या रेघा, कुणी चक्क अकराचा आकडा. आपण हसून पुढे जातो. यंत्राला मात्र ती वेगवेगळी गावं वाटतात.

मोडीत तर विरामचिन्हं जवळपास नव्हतीच. हात न उचलता ओळ पुरी करायची, दोन शब्दांत जागासुद्धा नाही. स्वल्पविराम, पूर्णविराम मराठीत रुजवले ते मेजर थॉमस कँडी यांनी, मोल्सवर्थच्या कोशाला हात लावणारे तेच. एका इंग्रज लष्करी माणसाने आपल्याला कुठे थांबायचं ते शिकवलं, याची मला गंमत वाटते.

आता आधार. नंदन नीलेकणी यांचं शिक्षण आयआयटी मुंबईचं. इन्फोसिस त्यांनी आणि सहा सोबत्यांनी १९८१ मध्ये पुण्यात सुरू केली. २००९ मध्ये ते ओळख प्राधिकरणाचे अध्यक्ष झाले, आणि २९ सप्टेंबर २०१० रोजी पहिलं आधार दिलं गेलं ते आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात, रंजना सोनवणे यांना.

इंजिनिअर म्हणून मला त्या आकड्याची रचना फार आवडते. बारा अंक, पण त्यांत जात नाही, जिल्हा नाही, जन्मसाल नाही. शेवटचा अंक आधीच्या अकरांवरून काढलेला असतो. व्हेरहूफ नावाच्या डच गणितज्ञाने १९६९ मध्ये मांडलेली ती रीत आहे. एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले, तर लगेच कळतं. एकाच माणसाला दोन आधार मिळू नयेत म्हणून बोटांचे ठसे आणि डोळ्यांची बुबुळं ताडून बघतात, नाव नव्हे. इथपर्यंत चोख काम.

पण आकड्यासाठी जसा तपासणीचा अंक आहे, तसा नावासाठी नाही. आणि खिडकीवरचा माणूस नावच बघतो! पीएम किसानचे वर्षाला ६,००० रुपये, २,००० चे तीन हप्ते. सातबाऱ्यावर ‘शांताबाई’, आधारवर ‘शांता’, पासबुकावर नुसतं आद्याक्षर आणि टिंब. हप्ता अडकायला एवढं पुरतं. पॅनकार्डाच्या अर्जात तर आद्याक्षरं चालतच नाहीत, पूर्ण नाव लागतं.

एक प्रकार डोळ्यांना दिसतही नाही. ‘कुऱ्हाडे’ हे आडनाव घ्या. त्यातला अर्धा र संगणकावर दोन रीतींनी उमटतो. एकीत ऱ हे वेगळं अक्षर वापरतात, दुसरीत साध्या र ला हलन्त देऊन पुढे एक अदृश्य जोडखूण टाकतात. छापल्यावर दोन्ही सारखेच. काकांनी चष्मा लावून दहा वेळा पडताळलं तरी फरक सापडणार नाही. आणि प्रणाली लिहिणाऱ्याने दोन्ही रूपं आधी एकसारखी करून घेतली नसतील, तर यंत्र म्हणणार ही दोन वेगळी माणसं. हे काम कठीण नाही, थोड्या ओळींचं आहे. ते राहून जातं, कारण लिहिणाऱ्याच्या आडनावात हा र नसतो. आणि हेलपाटे घालायचे शेतकऱ्याने, एका दिवसाची मजुरी बुडवून.

बायकांचं आणखी अवघड. आपल्यातल्या बहुतेक जणींची नावं लग्नानंतर मधली आणि शेवटची दोन्ही बदलली, काहींची पहिलीसुद्धा. माहेरच्या सातबाऱ्यावर वारस नोंद झालीच, तर ती माहेरच्या नावाने. आधार सासरचं. वडिलांच्या जमिनीत मुलीचा हक्क कायद्याने आहे, पण ‘ही तीच’ हे पटवायला विवाह प्रमाणपत्र लागतं, राजपत्र लागतं, प्रतिज्ञापत्र लागतं. भाऊ बरोबर आला तर काम लवकर होतं, आणि तो का येत नाही हे मी तुम्हाला सांगायला नको. नाव बदलतं हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. तेव्हा जुनं नाव त्याच नोंदीत शेजारी ठेवण्याची सोय यंत्रात पहिल्या दिवसापासून हवी होती, असं माझं स्पष्ट मत आहे.

मैत्रिणींनो, ज्यांनी घरातली कागदं आणली असतील त्यांनी जेवणानंतर आठवीच्या वर्गात यावं. आधार, पासबुक आणि सातबारा शेजारी शेजारी ठेवून अक्षर न्‌ अक्षर ताडून बघू. कुठला कागद आधी दुरुस्त करायचा तेही लिहून देते. लॅपटॉप आणलाय, बस साडेपाचची आहे.