दुखत नाही म्हणून बरं आहे असं नाही



मी चौथी शिकलेला माणूस. थोरल्या भावाला घेऊन घाटी दवाखान्यात बसून बसून जे कळलं तेवढंच सांगतो.

भावाला बारा वर्षं साखर होती. मूत्रपिंड म्हणजे आपल्या ठिबकचा फिल्टर समजा. एकेका मूत्रपिंडात दहा लाखाच्या आसपास बारीक गाळण्या असतात. साखर वाढलेली राहिली की त्यांच्यावर दाब येतो, जाळी सैल होते, आणि अंगात राहायचं प्रथिन लघवीवाटे जातं. पहिल्यांदा ते इतकं थोडं असतं की त्याची, म्हणजे अल्ब्युमिनची, खास तपासणी केली तरच कळतं. दुखत काहीच नाही. पण सावरायची वेळ तीच असते. पुढं लघवीला फेस, पायाला सूज, रक्तदाब चढतो. रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं दिसेपर्यंत बऱ्याचदा निम्मं काम गेलेलं असतं.

एका वर्षी भावाची साखर आपोआप उतरली. आम्ही म्हणलं, पांडुरंग पावला! गोळी बंद केली, पेढे वाटले. खरं तर मूत्रपिंड थकलं होतं. थकलेलं मूत्रपिंड इन्सुलिन लवकर बाहेर टाकत नाही, म्हणून साखर कमी दिसते. पांडुरंग इशारा देत होता, आम्हाला तो प्रसाद वाटला.

दुसरी चूक माझीच. वारीत त्याचे गुडघे दुखायचे, तर मी मेडिकलमधून अंगदुखीच्या गोळ्या आणून द्यायचो. उन्हात चालणं, पाणी कमी, त्यात ती गोळी. मूत्रपिंडाला ती फार बाधते, हे मला फार उशिरा कळलं.

मग आठवड्यातून तीनदा डायलिसिस, चार-चार तास. पैठणहून पालखी निघाली तेव्हा तो मशीनला होता. टाळ माझ्याकडं दिला. पुढच्या आषाढीला तो नव्हता.

म्हणून माऊली, ज्याला साखर आहे त्यानं वर्षातून एकदा लघवीतलं अल्ब्युमिन आणि रक्तातलं क्रिएटिनिन तपासावं. साखर आणि रक्तदाब ताब्यात ठेवावा, तंबाखू सोडावी. मनानं गोळी बंद करू नये, मनानं अंगदुखीची घेऊ नये. साखर एकाएकी उतरली तर पेढे वाटू नका, डॉक्टरला गाठा.

एकादशी आपण चुकवत नाही, ही तपासणीही चुकवू नका. रामकृष्ण हरी!