नकाशा, प्रमाण आणि कागद
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला विषय विचारला आणि मी ‘संगणकावर काढलेले नकाशे प्रमाणात छापणे’ असे सांगितले, तेव्हा त्या क्षणभर स्तब्धच झाल्या. मंडळात आरोग्यावर, पाककृतींवर, संतवाङ्मयावर व्याख्याने व्हावयाची. त्यांत हे कोठून आले, असे त्यांना वाटले असल्यास नवल नाही. परंतु आपल्या वसई-विरारमध्ये कपाटात घराचा नकाशा घडी घालून ठेवलेला नाही असे कुटुंब शोधावेच लागेल. आयुष्यभराची पुंजी त्या कागदावर विश्वासून दिलेली असते, आणि तो कागद वाचावयास मात्र घरात कोणासच येत नाही. नकाशे काढणे हा माझा पोटापाण्याचा उद्योग आहे, म्हणून मी हा विषय घेतला.

प्रमाण म्हणजे काय हे शिवणवर्गातल्या भगिनींना सांगावयास नको. हल्ली कपड्यांचे कागदी नमुने संगणकावरून उतरवून घरी छापतात. त्या कागदाच्या कोपऱ्यात एक चौकोन असतो, आणि ‘हा चौकोन छापल्यावर पट्टीने मोजा’ अशी सूचना असते. चौकोन अर्ध्या सुताने लहान आला तर पोलका छातीत दाटतो. घराच्या नकाशाचेही असेच आहे. १:१०० प्रमाण म्हणजे कागदावरचा १ सेंटिमीटर हा जागेवरचा १ मीटर. ३ मीटरची खोली कागदावर ३ सेंटिमीटर दिसली पाहिजे. थोडी अधिक नाही, थोडी उणी नाही.

पूर्वी हे प्रमाण हातानेच सांभाळावे लागे. टी-स्क्वेअर, सेट-स्क्वेअर, तिधारी स्केल आणि ट्रेसिंग कागद घेऊन बसायचे, प्रमाण आधी ठरवायचे आणि मग प्रत्येक रेघ त्या प्रमाणात लहान करून ओढायची. प्रती निघत त्या अमोनियाच्या. त्या वासाने डोळ्यांना पाणी येई, असे जुने ड्राफ्ट्समन अजून सांगतात. १९८२ साली ऑटोकॅड नावाची प्रणाली निघाली आणि हळूहळू टी-स्क्वेअर खुंटीला गेला. संगणकावर घर लहान करून काढावयाचे नसते. ३००० मिलिमीटरची भिंत ३००० मिलिमीटरचीच काढावयाची. या जागेला ‘मॉडेल’ म्हणतात, आणि तेथे जागेचा तोटा नाही. सगळा वसईचा किल्ला मावेल. लहान करण्याचा प्रश्न येतो तो छापताना. नवशिक्या मुलींचा गोंधळ बहुधा येथेच होतो. आधीच सगळे शंभरपट लहान करून काढतात आणि पुढे प्रत्येक माप चुकत जाते.

छापण्यासाठी ‘लेआऊट’ नावाचे दुसरे पान असते. ही सोय ऑटोकॅडमध्ये १९९० साली आली. लेआऊट म्हणजे खरा कागद. ए-४ असेल तर २१० बाय २९७ मिलिमीटर, ए-३ असेल तर २९७ बाय ४२०, ए-१ असेल तर ५९४ बाय ८४१. चौकट, नाव, तारीख, उत्तर दिशेचा बाण हे सगळे येथे मांडावयाचे. मग या कागदात एक खिडकी कापावयाची. तिला ‘व्ह्यूपोर्ट’ म्हणतात. खिडकीतून पलीकडे उभे असलेले पूर्ण आकाराचे घर दिसते. आपण दूर गेलो की ते लहान दिसते, जवळ आलो की मोठे. १:१०० हे प्रमाण खिडकीला दिले की संगणक आपल्याला नेमक्या तेवढ्या अंतरावर उभे करतो. एकदा ते जमले की खिडकीला कुलूप लावावे. कुलूप म्हणजे खरोखरच तशी आज्ञा आहे. ते लावले नाही तर नुसत्या बोटाच्या धक्क्याने माउसचे चाक फिरते, प्रमाण बिघडते, आणि नकाशा दिसावयास पूर्वीसारखाच दिसतो.

कागद कोणता घ्यावा, याचा हिशेब साधा आहे. समजा, प्लॉट १८ मीटर रुंद व २४ मीटर लांब आहे. १:१०० ने तो कागदावर १८० बाय २४० मिलिमीटर होईल. ए-४ वर तो जेमतेम बसतो, पण चौकटीला आणि नावाच्या रकान्याला जागा उरत नाही. म्हणून ए-३ घ्यावा. एखाद्या सोसायटीची जागा ९० बाय १४० मीटर आहे. १:५०० ने ती १८० बाय २८० होते, ए-३ पुरतो. तीच १:२०० ने काढली तर ४५० बाय ७०० होईल आणि ए-१ लागेल. कागदात बसावे म्हणून १:१३७ असले काहीतरी प्रमाण घेणारेही मी पाहिले आहेत. असे करू नये. बाजारात मिळणाऱ्या स्केलपट्टीवर ते प्रमाण नसते, आणि मोजणाऱ्याच्या हातात पट्टी असून नसल्यासारखी होते.

आणखी एक फसगत मापांची. काही जण मिलिमीटरमध्ये काढतात, काही मीटरमध्ये. मीटरमध्ये काढलेल्या घराला मिलिमीटरचे म्हणून १:१०० दिले, तर कागदावर एक ठिपका दिसतो आणि काढणारी घाबरते. तेथे १ मीटरचे कागदावर १० मिलिमीटर व्हावयाचे असतात, म्हणून खिडकीला १० पट हे प्रमाण द्यावे लागते. आणि आपल्याकडचे सुतार-गवंडी तर अजून फुटांतच बोलतात! मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला, पण ओटा किती लांब हे विचारले तर उत्तर फुटांतच येईल. जुन्या पद्धतीत ‘एका इंचाला आठ फूट’ असे प्रमाण असे. ते १:९६ होते, १:१०० नव्हे. ती जुनी पट्टी १:१०० च्या नकाशावर ठेवली, तर ३ मीटरची खोली २.८८ मीटरची वाटते.

हा फरक क्षुल्लक वाटेल. पण लांबीत शंभराला चार कमी म्हणजे क्षेत्रफळात जवळजवळ शंभराला आठ कमी. २.४ बाय ३ मीटरचे स्वयंपाकघर ७.२ चौरस मीटर, म्हणजे सुमारे ७७ चौरस फूट. त्यातून सहा चौरस फूट गेले, म्हणजे शिवणयंत्र ठेवून वर स्टूल ठेवण्याची जागा गेली.

अक्षरांचेही भान ठेवावे लागते. कागदावर अडीच मिलिमीटर उंचीचे अक्षर चष्म्यावाचून वाचता येते. परंतु ते मॉडेलमध्ये लिहिले तर १:१०० साठी २५० मिलिमीटर उंच लिहावे लागेल, आणि १:५०० साठी १२५०. म्हणून शीर्षक आणि टीपा शक्यतो कागदावरच लिहाव्या. खिडकीचा खरा फायदा असा की एकाच कागदावर मजल्याचा नकाशा १:१०० ने, न्हाणीघराचा तपशील १:२० ने आणि आवार १:५०० ने मांडता येते. तिन्ही एकाच मूळ घरातून आलेले असल्याने दार एकीकडे हलविले की सगळीकडे हलते. हाताच्या कामात ड्राफ्ट्समनला तीन ठिकाणी खोडावे लागे आणि एक हमखास राहून जाई.

आता छापण्याचा प्रसंग. येथे सगळ्यांत अधिक नुकसान होते, आणि तेही बहुधा झेरॉक्सच्या दुकानात. छपाईच्या खिडकीत ‘फिट टु पेज’ असा पर्याय असतो. नाव गोड आहे, पण तो प्रमाणाचा वैरी. ए-३ चा नकाशा ए-४ वर बसविला की लांबी ०.७०७ पट होते, म्हणजे १:१०० चा नकाशा १:१४१ चा होतो. कोपऱ्यात मात्र ‘प्रमाण १:१००’ हे अक्षर तसेच राहते. म्हणून ‘ॲक्च्युअल साइझ’ किंवा १०० टक्के निवडण्यास सांगावे. फाईल मूळ स्वरूपात न देता पीडीएफ करून द्यावी. नाहीतर रेघांची जाडी ठरविणारे कोष्टक दुकानातील संगणकावर नसते आणि भिंती व फर्निचर एकाच जाडीचे निघतात. आणि प्रत्येक नकाशावर मीटरची पट्टी काढून ठेवावी. कागद आकसला तर ती पट्टीही तेवढीच आकसते, म्हणून ती खोटे बोलत नाही.

माझ्या परिचयाच्या एका भगिनीने नव्या घराच्या माहितीपत्रकातील नकाशावर पट्टी ठेवून कपाट करवून घेतले. कपाट खोलीत आले, पण दार उघडेना. माहितीपत्रक कागदाच्या आकाराला बसवून छापलेले होते आणि त्यावर प्रमाणही नव्हते, पट्टीही नव्हती. सुताराचे पैसे गेले ते गेलेच. अशा कागदावरून मोजण्यापेक्षा आकड्यांत लिहिलेले माप वाचावे. लिहिलेले माप आणि मोजलेले माप यांत भेद पडला तर लिहिलेले ग्राह्य धरतात, हा आमच्या धंद्यातील जुना रिवाज आहे. चटईक्षेत्र, ज्याला ‘कार्पेट एरिया’ म्हणतात, त्याची व्याख्या २०१६ च्या रेरा कायद्यात दिलेली आहे. बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी त्यात धरत नाहीत, आतल्या भिंती धरतात. खोल्यांची मापे गुणून बेरीज करावी आणि चौरस मीटरला १०.७६ ने गुणावे. करारातील आकड्याशी ताडून पाहावयास अर्धा तास पुरतो.

तरीही एक गोष्ट स्पष्ट सांगते. खोलीचा नकाशा मिलिमीटरपर्यंत अचूक असला, तरी ते घर कोठे उभे आहे हे त्यावरून कळत नाही. २०२४ च्या अखेरीस आणि २०२५ च्या आरंभी नालासोपारा पूर्वेला ४१ अनधिकृत इमारती न्यायालयाच्या आदेशाने पाडल्या गेल्या. ती जमीन विकास आराखड्यात कचराभूमी आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्रासाठी राखून ठेवलेली होती. त्या घरांचेही नकाशे कोणीतरी काढलेच असतील, आणि खोल्यांची मापे बरोबरही असतील. म्हणून घर घेताना १:१०० च्या कागदाबरोबर लहान प्रमाणाचा आराखडाही मागावा, आपला सर्व्हे क्रमांक त्यावर शोधावा आणि त्या जागी कोणता रंग, कोणते आरक्षण आहे ते पाहावे. दोन्ही कागद पाहिल्यावाचून सही करू नये.

ज्या मुलींना हे काम शिकावयाचे असेल त्यांच्यासाठी आयटीआयमध्ये ड्राफ्ट्समन सिव्हिलचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. वालीव, सातिवली, गोखिवरे येथील कारखान्यांत यंत्रभागांच्या नकाशांचेही काम असते. तेथे उलटे, लहान भाग २:१ किंवा ५:१ असे मोठे करून काढतात. सरावासाठी महागडी प्रणाली विकत घेण्याचे कारण नाही. लिब्रेकॅड आणि फ्रीकॅड फुकट मिळतात. घरी बसून, मुले शाळेत गेल्यावर करता येण्याजोगे हे काम आहे, आणि विरार लोकलची गर्दीही टळते.

ज्यांना संगणकाची गोडी नाही त्यांनी उद्या घरी एवढेच करावे. आपला नकाशा काढावा, त्यावरील मीटरची पट्टी शोधावी, शाळकरी मुलाची फूटपट्टी घेऊन ती मोजावी. १:१०० च्या नकाशावर ५ मीटरची पट्टी बरोबर ५ सेंटिमीटर भरली पाहिजे. भरली नाही तर पुढच्या गुरुवारी मंडळात तो कागद घेऊन या. मी तिधारी स्केल घेऊन पाच वाजता येथेच बसणार आहे.