काळजातले पाण्याचे फोड आणि गावचे कुत्रे



जत्रेला बकरं कापलं, की कधी कधी काळजावर किंवा फुफ्फुसावर पांढरट, पाण्यानं भरलेले फोड दिसतात. कापणारा तेवढा भाग छाटतो आणि समोर टपून बसलेल्या कुत्र्यापुढं टाकतो. चूक होते ती इथंच.

हा फोड म्हणजे एका पट्टकृमीची बाल्यावस्था. त्यातल्या पाण्यात वाळूच्या कणांसारखी कृमींची असंख्य डोकी असतात. कुत्र्यानं ती खाल्ली, की सुमारे दीड महिन्यात त्याच्या आतड्यात मोठे कृमी तयार होतात. मोठे आपले म्हणायचे. लांबी अवघी ३ ते ६ मिलिमीटर. कुत्रा मात्र धट्टाकट्टा दिसतो, म्हणून कुणाला संशय येत नाही.

त्याच्या विष्ठेतून डोळ्यांना न दिसणारी अंडी पडतात. ती गवताला, मळ्यातल्या भाजीला, कुत्र्याच्या केसांनाही चिकटतात. चरताना मेंढीच्या पोटात गेली, की पुन्हा काळजात फोड. आणि कुत्र्याशी खेळलेल्या पोराच्या हातावरून भाकरीबरोबर पोटात गेली, तर तोच फोड माणसाच्या काळजात! तो सावकाश वाढतो, वर्षानुवर्षं दुखतही नाही. पोरवयात शिरलेला रोग चाळिशीत उघडा पडतो आणि मग बऱ्याचदा शस्त्रक्रियेची पाळी येते. फोड आत फुटला तर जिवावर बेततं.

पुष्कळ जण मटणाला भितात. पण फोडाचं मटण खाऊन माणसाला हा रोग होत नाही. होतो तो कुत्र्याच्या विष्ठेतल्या अंड्यांमुळं. तेव्हा सांभाळायचं ते कुत्र्याचं तोंड. फोड असलेला अवयव अर्धा तास खळखळ उकळा, नाहीतर कुत्र्याला उकरता येणार नाही इतका खोल पुरा. मेलेलं मेंढरू ओढ्यात फेकू नका. पोरांना जेवणाआधी साबणानं हात धुवायला लावा. भाजी धुऊन घ्या.

राखणीच्या कुत्र्याला दर दीड महिन्यानं प्राझिक्वांटेल द्या. प्रमाण किलोला ५ मिलिग्रॅम, म्हणजे २० किलोच्या कुत्र्याला १०० मिलिग्रॅम. वजनाचा अंदाज नसेल तर पशुवैद्यकाला विचारा. पायपरझिन गोलकृमींवर चालतं, ह्यावर नाही. गोळीनं कृमी मरतात, अंडी मरत नाहीत. म्हणून पुढचे दोन-तीन दिवस कुत्रा बांधून ठेवा आणि विष्ठा जाळा किंवा खोल पुरा.

मोकाट कुत्र्यांना गोळ्या कोण देणार, असं तुम्ही म्हणाल. अवघड आहे खरं. पण बकरी कापण्याच्या जागेला कुंपण आणि शेजारी झाकणाचा खोल खड्डा, एवढं काम ग्रामपंचायतीला जड नाही. जत्रेच्या आधी करून घ्या.