जुनाट सांधेदुखी आणि इंजेक्शनचा उपचार
(पापडी, ता. वसई येथे आरोग्य शिक्षणानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पापडीच्या परिसरात अंगमेहनतीने पोट भरणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. वाडीत कुदळ चालविणारा शेतकरी, भाजीची टोपली घेऊन मुंबईची गाडी गाठणारी भगिनी, पाचूबंदरला जाळे ओढणारा मच्छीमार, या सर्वांची डॉक्टरांकडे एकच मागणी असते : "एक सुई द्या, म्हणजे उद्या कामाला जाता येईल." मागणी रास्त आहे, कारण काम थांबले की चूल थांबते. परंतु त्या सुईने काय साधते आणि काय साधत नाही, हे घेणाऱ्यास ठाऊक असले पाहिजे.

१९४८ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच व त्यांच्या सहकाऱ्यांनी संधिवाताच्या रुग्णास प्रथम कॉर्टिसोन दिले. या संशोधनाबद्दल १९५० साली हेंच, केंडल व राइखश्टाइन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे १९५१ साली डॉ. जोसेफ हॉलंडर यांनी याच वर्गातील औषध थेट सांध्यात टोचण्याची पद्धत प्रसिद्ध केली. आज ज्यांना आपण स्टिरॉइडची इंजेक्शने म्हणतो, ती हीच होत.

स्टिरॉइड दाह शमविते. बोट अडकणे, अंगठ्याच्या मुळाशी मनगट दुखणे, खांदा नुकताच आखडू लागणे, अशा विकारांत योग्य जागी दिलेले इंजेक्शन चांगला गुण देते. मात्र प्रत्येक जुनाट दुखणे दाहाचे नसते. स्नायूला हाडाशी जोडणारी कंडरा ही दोरासारखी असते. वर्षानुवर्षांच्या ताणाने तिचे पीळ उसवतात. तेथे स्टिरॉइडने वेदना काही आठवडे दबते, पण झीज भरून येत नाही. औषध कंडरेतच शिरले, तर ती तुटण्याचाही धोका असतो.

'टेनिस एल्बो' या कोपराच्या दुखण्याचे उदाहरण घ्या. स्टिरॉइडने आरंभी झपाट्याने आराम पडतो. परंतु इंजेक्शन न घेतलेल्या रुग्णांची स्थिती वर्षभराने अधिक चांगली असल्याचे तौलनिक अभ्यासांत आढळले आहे. सचिन तेंडुलकर यांना २००४ साली याच विकाराने ग्रासले होते. २००५ साली त्यांच्यावर लंडनमध्ये शस्त्रक्रिया झाली आणि काही महिन्यांच्या विश्रांतीनंतर ऑक्टोबरात नागपूरच्या सामन्यात त्यांनी ९३ धावा काढल्या. एवढ्या मोठ्या खेळाडूलाही बरे होण्यास अवधी द्यावा लागला, हे ध्यानी घेण्याजोगे आहे.

गुडघ्याच्या झिजेबाबत २०१७ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दर तीन महिन्यांनी, दोन वर्षे स्टिरॉइड घेणाऱ्यांच्या गुडघ्यातील कूर्चा, नुसते मिठाचे पाणी टोचलेल्यांपेक्षा अधिक झिजली. वेदना मात्र त्यांच्याहून कमी झाली नाही. म्हणून वारंवार सुई घेणे हिताचे नाही.

याखेरीज विशिष्ट द्रावण टोचून अस्थिबंधनांच्या दुरुस्तीस चालना देण्याची पद्धत डॉ. जॉर्ज हॅकेट यांनी १९५० च्या दशकात प्रचारात आणली. अलीकडे रुग्णाचेच रक्त यंत्रात फिरवून त्यातील प्लेटलेटयुक्त भाग टोचतात. काहींना याचा लाभ होतो. तथापि अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत आणि प्लेटलेटचा उपचार खर्चिकही असतो. कर्ज काढून तो करून घेण्यापूर्वी दुसऱ्या अस्थिरोगतज्ज्ञाचे मत अवश्य घ्यावे.

सुई घेण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा : माझ्या दुखण्याचे नेमके निदान काय? औषधाचे नाव काय? यापूर्वी मला हे किती वेळा दिले आहे? औषधाचे नाव व तारीख कागदावर लिहून घ्या. मधुमेह असल्यास आधी सांगा, कारण स्टिरॉइडने काही दिवस रक्तातील साखर वाढते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास तेही सांगा. इंजेक्शननंतर सांधा लाल होऊन सुजला, ठणकू लागला वा ताप आला, तर घरी न थांबता तत्काळ रुग्णालय गाठा. तो जंतुसंसर्ग असू शकतो.

इंजेक्शनने वेदनेपासून थोडी उसंत मिळते. त्या उसंतीत शिकवलेले व्यायाम नेमाने केले, टोपलीचे ओझे दोन खेपांत वाटून नेले, घरच्यांनी जड कामाचा भार काही काळ उचलला, तरच तिचे चीज होते. वेदना थांबली म्हणून दुसऱ्याच दिवशी तेच ओझे उचलले, तर आजचा आराम उद्याच्या पंगुत्वास कारण ठरेल. कष्टकऱ्याचे हातपाय हीच त्याची पुंजी होय. ती जपण्याचा निर्धार प्रत्येक कुटुंबाने करावा.