बैलाची जीभ फिरवण्याची खोड



धानाची मळणी आटोपली की बैलांना काम राहत नाही. दिवसभर कोठ्यात खुंट्याला बांधलेले. अशा वेळी एखादा बैल तोंड वर करून जीभ बाहेर काढतो, गोल फिरवतो, आत घेतो, पुन्हा काढतो. दुसरा गव्हाण चाटतो, दावे चघळतो, फडके गिळतो. आपण म्हणतो, "खोडीचा निघाला, बाजार दाखवा." पण जोडी मोडण्याआधी कारण पाहा.

आधी रोग नाही ना, याची खात्री करा. लाळ गळते, तोंडात फोड आहेत, बैल लंगडतो, तर लाळखुरकत असू शकते. पाणी गिळता येत नाही, हंबरण्याचा आवाज बदलला, अंगावर धावतो, तर पिसाळल्याचा संशय घ्या. अशा जनावराच्या तोंडात हात घालू नका. लगेच पशुवैद्यकाला बोलवा.

रोग नसेल तर कारणे बहुधा दोन. एक, रिकामेपण. बैलाला दिवसातले कितीतरी तास चरायची नि रवंथ करायची सवय. दोन वेळा तणीस टाकून मोकळे झालो, तर ते तोंड करणार काय? दुसरे, चाऱ्यातली उणीव. आपल्या भागात मुख्य चारा धानाची तणीस. तिने पोट भरते, पण तिच्यात फॉस्फरस नि प्रथिने फार कमी. मग जनावर माती, चिंध्या, हाडे शोधते. जंत झाले तरी असेच होते.

उपाय असे करा:

१. तणीस थोडी थोडी, चार-पाच वेळा टाका. रोज काही तास चरायला सोडा.

२. गिरणीतला बारीक कोंढा द्या. त्यात फॉस्फरस भरपूर असतो. पाव किलोपासून सुरू करून आठवड्यात एक किलोवर न्या. तूस नको, खवट कोंढाही नको.

३. लाखोळीचे कुटार, जवसाची ढेप जमेल तशी द्या.

४. रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण नि ३० ग्रॅम मीठ द्या. पाणी भरपूर पाजा.

५. पशुवैद्यकाला विचारून जंताचे औषध पाजा.

कोठ्याजवळ खिळे, तार, चिंध्या पडू देऊ नका. खिळा पोटात गेला तर काळजापर्यंत रुततो. वाळकी हाडे पुरून टाका. ती चघळल्याने विषबाधा होऊन बैलाचे अंग लुळे पडते नि तो दगावतो.

जीभ बांधणे, डाग देणे, सदा मुसके घालून ठेवणे हे करू नका. त्याने खोड जात नाही, जनावराचे हाल मात्र होतात.

चिंध्या-माती खाणे चारा सुधारल्यावर बहुधा सुटते. जीभ फिरवण्याची जुनी सवय मात्र पुरती जाईलच असे नाही. तरी बैल खातो-पितो, बांधीत नीट चालतो, तर केवळ जिभेपायी त्याला विकू नका.