रोगाचा नकाशा

१९५७ साली युगांडातील कंपाला येथे, मुलागो रुग्णालयात, एका पाच वर्षांच्या मुलाला तपासण्यासाठी डेनिस बर्किट या आयरिश शल्यवैद्यांना बोलावण्यात आले. मुलाचे दोन्ही जबडे, वरचा आणि खालचा, उजवीकडे आणि डावीकडे सुजले होते. साधे गळू एका बाजूस व्हावे. ते चारही ठिकाणी एकाच वेळी कसे होईल? पुढे जिंजा गावी तशीच एक मुलगी दिसली. तिच्या पोटातही गाठ होती. बर्किट यांनी जुन्या नोंदी चाळल्या, तेव्हा निरनिराळ्या नावांनी नोंदलेल्या अनेक बालरुग्णांचा आजार वस्तुतः एकच असल्याचे ध्यानी आले. लसिका-पेशींचा हा कर्करोग, म्हणजेच लिम्फोमा, पुढे त्यांच्याच नावाने ओळखला जाऊ लागला.

रोग कोणता, हा वैद्याचा नित्याचा प्रश्न. बर्किट यांनी त्याच्या जोडीला दुसरा प्रश्न घेतला : रोग कोठे आहे? १९६१ च्या अखेरीस ते दोन डॉक्टर सहकाऱ्यांसह एका जुन्या मोटारीतून निघाले आणि दहा आठवड्यांत सुमारे दहा हजार मैल फिरले. प्रत्येक रुग्णालयात छायाचित्रे दाखवून ते विचारीत, असे मूल येथे आले होते काय? उत्तरे नकाशावर मांडली, तेव्हा आफ्रिकेच्या मध्यावर एक पट्टा उमटला. विषुववृत्तापाशी पाच हजार फुटांवर रोग आढळत नव्हता. दक्षिणेकडे जावे तसतशी ही मर्यादा खाली उतरत होती. याचा अर्थ, खरी मर्यादा उंचीची नव्हती, उष्णतेची होती. ऊब आणि भरपूर पाऊस असेल तेथेच हा रोग. म्हणजे डासांच्या प्रदेशात. डासच एखादा विषाणू पसरवीत असावा, हा तर्क सहज सुचला.

त्याच वर्षी लंडनमध्ये बर्किट यांचे व्याख्यान ऐकून अँथनी एपस्टाइन विषाणूच्या शोधास लागले होते. कंपालाहून विमानाने येणाऱ्या गाठींच्या नमुन्यांत त्यांना दीर्घकाळ काहीच सापडले नाही. अखेर १९६४ साली एपस्टाइन, बर्ट अचाँग आणि इव्हॉन बार यांनी गाठीतून वाढविलेल्या पेशींत एक नवा विषाणू दाखवून दिला. त्यास एपस्टाइन-बार हे नाव मिळाले.

कोडे मात्र सुटले नाही. उलट ते गहन झाले. हा विषाणू लाळेवाटे पसरतो, आणि जगातील दहांपैकी नऊहून अधिक प्रौढांच्या शरीरात तो आयुष्यभर वास करतो. मग रोग त्या पट्ट्यातच का? डास निर्दोष नव्हता. पण तो आणीत होता तो हिवताप. बारमाही तीव्र हिवतापाने मुलाच्या रक्तातील विशिष्ट पांढऱ्या पेशींना सतत विभागत राहावे लागते, आणि विषाणूला आवर घालणारी प्रतिकारशक्तीही दुबळी होते. या धांदलीत एखाद्या पेशीतील आठव्या गुणसूत्राचा तुकडा तुटून भलत्या जागी जोडला गेला, की तिच्या वाढीस धरबंध उरत नाही. बी सर्वत्र पडते; तण माजते ते जमीन तशी असेल तेथे.

म्हणूनच हा एकच विषाणू प्रदेशागणिक निराळ्या रूपाने भेटतो. पूर्व आशियात व दक्षिण अमेरिकेच्या काही भागांत तो नाकातील एका लिम्फोमात आढळतो. भारतात, मुलांना होणाऱ्या हॉजकिन लिम्फोमात त्याचे अस्तित्व पाश्चात्त्य देशांपेक्षा अधिक दिसते.

बर्किट लिम्फोमा औषधांना चांगली दाद देतो. संपन्न देशांत आज दहांपैकी सुमारे नऊ मुले बरी होतात. आफ्रिकेच्या त्या पट्ट्यात मात्र मूल रुग्णालयात उशिरा पोहोचते, औषधोपचार अपुरा पडतो किंवा मध्येच सुटतो, आणि बरे होणाऱ्यांचे प्रमाण पुष्कळच कमी राहते. नकाशावरील पहिली रेषा ऊन-पावसाने आखली होती. ही दुसरी रेषा माणसांनी आखलेली आहे, आणि ती पुसणेही माणसांच्याच हाती आहे.