ऐकणाऱ्याकडे बघा



नाटक बघताना आपली नजर बोलणाऱ्या नटावर खिळलेली असते. आज ती तिथून जरा ऐकणाऱ्याकडे हलवू या. सोबतीला घेऊ यास्मिना रेझा या फ्रेंच नाटककार बाईंना.

रेझाबाईंचा जन्म १९५९ सालचा, पॅरिसचा. आई मूळची हंगेरीची, व्हायोलिन वाजवणारी. रेझाबाई आधी नटी होत्या. जाक लकॉक यांच्या नाट्यशाळेत त्या शिकल्या. देहबोलीवर भर देणारी ही शाळा. पुढे मोलियेर, मारिव्हो यांच्या नाटकांतून त्यांनी कामं केली. १९८७ साली त्यांचं पहिलं नाटक रंगमंचावर आलं आणि जगभर नाव झालं ते १९९४ च्या 'आर्ट'मुळे.

या नाटकात सर्ज दोन लाख फ्रँक मोजून एक चित्र घेतो. पांढऱ्या कॅनव्हासवर पांढऱ्याच रेघा. त्याचा जुना मित्र मार्क या खरेदीनं दुखावतो, आणि दोघांच्या कात्रीत सापडतो तिसरा, इव्हान. हा इव्हान एकदा उशिरा येतो आणि आपल्या लग्नपत्रिकेवर कुणाच्या सावत्र आईचं नाव छापायचं, यावरून माजलेलं रामायण एका दमात सांगतो. प्रेक्षक हसून बेजार होतात. पण तेव्हा त्या दोन मित्रांकडे बघा. ऐकणंही किती कसदार अभिनय मागतं, ते तिथं दिसतं. शेवटाकडे तर तिघं नुसते बसून ऑलिव्ह खातात. संवाद नाही. तरी पंधरा वर्षांची मैत्री तुटते की तगते, याचा घोर आपल्याला लागून राहतो. अशी जागा नटांवर सोपवायला लेखणीचा त्यांच्यावर पुरा भरवसा लागतो. स्वतः रंगमंचावर उभं राहिल्याशिवाय तो येत नाही, असं माझं ठाम मत आहे.

रेझाबाईंच्याच 'गॉड ऑफ कार्नेज' या नाटकात दोन जोडपी मुलांची मारामारी मिटवायला जमतात. त्यातल्या वकिलाचा मोबाइल सारखा वाजतो. तो बोलत राहतो आणि बाकीचे तिघं ताटकळतात. अखेर त्याची बायको तो फोन ट्युलिपच्या फुलदाणीत बुडवते. तोवर तुम्ही तिचा चेहरा वाचत आला असाल, तर तिचा हात का उठला हे कुणी समजावून सांगावं लागत नाही.

या नाटकावर रोमान पोलान्स्की यांनी २०११ साली 'कार्नेज' हा चित्रपट केला, पटकथालेखनात रेझाबाईही होत्या. मिळाला तर जरूर बघा, आणि फोन वाजला की नजर त्या तिघांवर ठेवा.